शेजारच्या सीटवरचं पुस्तक

"पान नको उलटू! माह्यं व्हायचं हाये," धम्मरत्न एकदम बोलून गेला.

साधनाचा हात तिथंच थांबला. कित्येक महिन्यांत तो तिच्याशी थेट बोलला, ते हे पहिलं वाक्य. मधलं सगळं बोलणं वकिलांमार्फत झालं होतं. दोघंही यवतमाळच्या कोर्टात निघाली होती. आज घटस्फोटाच्या कागदावर शेवटच्या सह्या व्हायच्या होत्या. तो पुसदला गाडीत बसला, ती माहेरून, दिग्रसला चढली, आणि खचाखच भरलेल्या एसटीत नेमकी त्याच्याच शेजारची जागा रिकामी निघाली. ती बसली. पिशवीतून जाडजूड कादंबरी काढली आणि होता होईल तेवढी त्याच्याकडं पाठ केली.

पण पुस्तक त्याला दिसतच होतं. एका सकाळी जगातले सगळे फोन, सगळी वीज, सगळ्या गाड्या बंद पडलेल्या. एक नर्स कुणाचं तरी तान्हं लेकरू पाठीशी बांधून पायीच घराकडं निघालेली. आत्ता ती पुराच्या मधोमध होती, आणि हातातला दोर एकेक पीळ उसवत चालला होता.

"झालं," तो म्हणाला. तिनं पान उलटलं.

दारव्हा येईतो पुस्तक दोघांच्या मांडीवर आलं होतं. दोर तुटला तेव्हा साधनानं त्याचा दंड गच्च धरला आणि तिला ते कळलंही नाही. नर्सच्या हाताला फांदी लागली, तेव्हा तो इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणाला की पुढची म्हातारी दचकून मागं वळली.

"आपल्यावर अशी येळ आली तं काय कराल?" साधनानं विचारलं.

"पयले आगपेटी शोधीन. अन् तू?"

"मी तुम्हाले शोधीन. घरातली आगपेटी कधी सापडली का तुम्हाले?"

तो हसला. मग तीही हसली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वकील होता. याच फोनपायी घरात रोज भांडणं पेटायची. ताटावर बसला तरी फोन त्याच्या हातातून सुटायचा नाही. धम्मरत्ननं फोन बंद करून खिशात टाकला.

"वाच लवकर. ते लोकं तिले गावात घेतात का नाई?"

गावानं वेस बंद केली होती. आत तिचा नवरा होता, जिवंत का मेलेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. ती वेशीवर धडका मारत होती. दोघांची डोकी पानावर टेकायला आली होती.

गाडी थांबली. माणसं भराभरा उतरली.

"यवतमाळ आलं. तुमचं तिकीट इथलोकच हाये," कंडक्टर म्हणाला.

साधनानं मान वर केली. "भाऊ, ही गाडी फुडं कुठी जाते?"

"नागपूर."

धम्मरत्ननं तिच्याकडं पाहिलं, आणि खिशात हात घातला. "मंग दोन नागपूर द्या."