जबाबदार व्यक्तीचं नाव

"कारण नको. नाव सांगा," श्यामसुंदर मेहेंदळे म्हणाले.

भूमितीचे मास्तर म्हणून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती, पण महापालिकेच्या कार्यालयातही सर वर्गात उभे राहिल्यासारखेच उभे होते. टेबलापलीकडे उद्यान निरीक्षक बिलकिस बागवान बसली होती. पंखा बंद होता. बाहेर एप्रिल तापला होता आणि टेकडीचा पूर्व उतार लागोपाठ तिसऱ्या वर्षी वणव्यात जळून काळा झाला होता. त्या उतारावर सरांनी रोज पाण्याच्या बाटल्या वाहून चाळीस झाडं जगवली होती. आता सात उरली होती.

पहिल्या वणव्यानंतर सरांनी एक पत्र दिलं. दुसऱ्यानंतर चार. यंदा अकरा झाली होती आणि महिना अजून संपायचा होता. मागणी एकच: वणव्याला जबाबदार असलेल्या व्यक्तीचं नाव लेखी कळवावं. कार्यालयाने कारणं सढळ हाताने कळवली. ऊन, वारा, वाळलेलं काँग्रेस गवत, अज्ञात इसमाची विडी. सर प्रत्येक उत्तरावर लाल शाईने 'प्रश्न नीट वाचा' असं लिहून ते परत पाठवत. शेवटी साहेब कावले. बिलकिसला म्हणाले, "सोमवारपर्यंत त्यांना कुणाचं तरी नाव द्या, नाहीतर मी तुमचं देतो. मग बसा कात्रजच्या गोदामात फावडी सांभाळत."

बिलकिसला टेकडी सोडायची नव्हती. कुठल्या घळीत घाणेरी पुन्हा डोकं वर काढते आणि कुठल्या वाटेवर गवत आधी वाळतं, हे तिला पाठ होतं. काँग्रेस गवत उपटून दर पावसाळ्यात तिच्या मनगटांवर पुरळ उठे. घरचे म्हणत, बदली माग. ती म्हणे, मलम द्या.

गंमत म्हणजे, नाव तिच्याजवळ होतं.

काल ती पायथ्याच्या वस्तीत सरुबाई म्हशीवालीकडे गेली होती. उतारावर दहा हात रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून टाकलं की आग तिथेच अडते. त्याला जाळपट्टा म्हणतात. या कामाला माणसं मिळतील का, एवढंच तिला विचारायचं होतं. सरुबाई हसायलाच लागली.

"आता आठवन झाली व्हय? धा वर्सं मी तेच करत व्हते की! दिवाळी झाली का खालचं समदं गवत कापून म्हशीस्नी घालायचे. मंग तुमच्याच हापिसानं बंदी घातली. इळा बी काढून नेला."

बिलकिसने परत येऊन जुनी फाइल उपसली. चार वर्षांपूर्वीची तक्रार निघाली: 'टेकडीवरील गवताची राजरोस चोरी व निसर्गाची हानी.' तिला जोडलेला बंदीचा आदेश, त्याखाली बिलकिसची स्वतःची, केव्हाच विसरून गेलेली सही. आणि तक्रारीखाली, फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात, श्यामसुंदर मेहेंदळे.

ती फाइल आता टेबलावर पालथी पडली होती. उघडली की बिलकिस सुटत होती. पण सकाळीच तिने सरांना उतारावर पाहिलं होतं. जळक्या खोडापाशी उकिडवे बसून ते नखाने साल खरवडत होते. आत हिरवं दिसतंय का, ते बघत होते. मग पुढच्या खोडापाशी जात होते. अशा माणसाला 'ही झाडं तुमच्यामुळे गेली' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने फाइल उचलून सरळ ड्रॉवरमध्ये टाकली.

"लिहून घ्या, सर. बिलकिस बागवान. गवत कापायची बंदी माझ्या सहीने झाली, म्हणून ते वाढलं, वाळलं आणि पेटलं. यात खोटं काही नाही."

"अर्धं उत्तर. अर्धे गुण," सर म्हणाले. "बंदी मागितली कुणी?"

"जुनं प्रकरण आहे, सर. कागद सापडत नाही."

सरांनी दोन्ही हात टेबलावर टेकवले. "आवक क्रमांक चारशे बारा. एकोणीस नोव्हेंबर. खाली सही माझी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" बिलकिसने विचारलं.

"पहिली आग विझली त्याच दिवशी मला कळलं. जो पट्टा ती बाई कापायची, नेमकी तिथूनच आग वर चढली होती. दुसऱ्या दिवशी तक्रार मागे घ्यायला आलो, तर तुमचे तेव्हाचे साहेब म्हणाले, निकाली निघालेली तक्रार मागे घेता येत नाही. चौकशीत तक्रारदारच चुकला असं ठरलं, तरच बंदी उठते. म्हटलं, ठीक आहे. करा चौकशी."

"अहो, मग सरळ सांगायचं ना! मी तेव्हाच लिहिलं असतं."

"मी सांगितलं तर ते आत्मचरित्र होतं, बाई. आपण लिहिलंत तर नोंद होते." सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "काढा ती फाइल. तीन वर्षं मी माझंच नाव विचारतोय. आणि तुमच्या अख्ख्या कार्यालयात तोंडावर सांगणारा एक उद्धट माणूस असू नये? पुण्यात?"