एलिनाची अट

एलिना कारखान्याच्या गेटवर उतरली, तरी तिच्या नवऱ्यानं, ज्युलियसनं, स्कूटर बंद केली नाही.

"अजून सांगतो, परत फिरू. झालं गेलं सोडून दे."

"तीन वर्षं सोडता आलं नाही," ती म्हणाली. "आज त्यांनीच बोलावलंय. तू जा, मी रिक्षानं येईन."

सातिवलीतल्या या साचे बनवणाऱ्या कारखान्यात सर्व्हर तिनंच उभा केला होता. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तिच्या खात्यातून शिरून कुणीतरी अकरा वर्षांची डिझाइन्स पुसली. एलिना तेव्हा पापडीच्या चर्चमध्ये कॉयरमध्ये गात होती. अर्ध्या गावानं तिला पाहिलं होतं.

"फोनवरूनही करता येतं," मॅनेजर हर्षवर्धन सगळ्यांसमोर म्हणाला. तासाभरात तिचं खातं बंद झालं, नोकरी गेली. पुढच्याच आठवड्यात ती पुण्याच्या नव्या शाखेची प्रमुख म्हणून जाणार होती. ती शाखाही मग हर्षवर्धनकडे गेली.

नंतर ती जिथे मुलाखतीला जाई, तिथे ही गोष्ट तिच्याआधी पोचलेली असे. ज्युलियसनं तिला सावरलं. त्याच्या नर्सरीत ती जास्वंदीची कलमं बांधू लागली. पट्टी आवळताना दर वेळी तिच्या डोळ्यांसमोर हर्षवर्धनचा गळा येई.

आत सगळी मशिनं थंड होती. परवा सर्व्हरवर अपडेट टाकलं आणि तेव्हापासून चाळीसपैकी एकाही खात्यातून लॉगिन करता येत नव्हतं. दोन माणसं येऊन, हात टेकून गेली होती. मालकीण प्रेमलताबाई स्वतः खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. पुण्याहून धावत आलेला हर्षवर्धन दाराशी उभा राहिला.

सर्व्हर दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू करून काळ्या पडद्यावर एलिनानं तीन-चार आज्ञा टाकल्या. खाती जागच्या जागी होती, पासवर्डही बरोबर होते. लॉगिन झाल्यावर कोणता प्रोग्रॅम सुरू व्हावा, ते प्रत्येक खात्यापुढे लिहिलेलं असतं. सर्व्हर उभा करताना तिनं लिहिलेला तो प्रोग्रॅम अपडेटनं काढून टाकला होता. माणूस दारापर्यंत येत होता आणि दारच सापडत नव्हतं.

तिनं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"सापडलं, मॅडम. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग कर ना."

"आधी हर्षवर्धन सरांचा राजीनामा. आत्ता, इथे."

हर्षवर्धन दारातून दोन पावलं पुढे आला.

"एलिना, मी ते केलं नव्हतं," हर्षवर्धन म्हणाला. "तुझ्या खात्याचं नाव दिसलं, ते मी सांगितलं."

"कोणत्या कॉम्प्युटरवरून झालं, ते पाहिलंत?"

"नाही. नाव दिसलं, तेवढं पुरेसं वाटलं."

"पाहिलं नाहीत, कारण तो तुमचाच होता. मलाही पाहू दिलं नाहीत. माझं घर बसलं, सर, आणि तुमचं पुणं झालं."

"मॅडम, तुम्ही तरी..." तो प्रेमलताबाईंकडे वळला.

त्यांनी काचेतून खाली पाहिलं. साठ माणसं हात बांधून बसली होती. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून हर्षवर्धनपुढे ठेवला.

त्याला लिहायला बराच वेळ लागला. एलिना ते पाहत राहिली, नजर न हलवता. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यानं टेबलावर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता तो जिना उतरला. खाली काही माणसं उठून उभी राहिली. तो गेटबाहेर जाईपर्यंत कुणी बसलं नाही.

एलिनानं एकच ओळ लिहिली. चाळीसही खात्यांना नवा प्रोग्रॅम लागला. खाली पहिलं मशीन सुरू झालं, मग दुसरं. तिच्या पायांखालची फरशी घरघरू लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला भरपूर भूक लागली.

"झालं तुझ्या मनासारखं?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"अजून नाही. तो रविवार छापून तुमच्या नोटीस बोर्डावर लावायचाय."

कोण, केव्हा, कुठून आत आलं, त्याच्या जुन्या नोंदी सर्व्हर जपून ठेवतो. तशी सोय तिनंच केली होती. तिनं तारीख टाकली. प्रेमलताबाईंनी चष्मा चढवला आणि त्या पुढे वाकल्या.

नोंद एकाच ओळीची होती. खातं एलिनाचं. वेळ सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. आणि शेवटच्या रकान्यात ज्या कॉम्प्युटरचं नाव होतं, तो पापडीला तिच्याच घरात, ज्युलियसच्या टेबलावर होता.