निळी चकती

औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत सरांच्या हातून अकरा वर्षांत दुखण्यावरचं एकही मलम पास झालं नव्हतं. काचेच्या पेल्यावर कातडीऐवजी कृत्रिम पडदा ताणायचा, वर मलम थापायचं आणि खाली किती औषध झिरपतं ते मोजायचं. सरांच्या पेल्यात थेंबभर उतरेल तर शपथ. स्वतःचा गुडघा ठणकत असूनही नापास मलमाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

आणि त्यांनी नापास केलेलं मलम कालपरवा रुजू झालेल्या मुलीने पास केलं.

“काहीतरी घोळ घातलास. माझ्यासमोर कर बघू.”

तिने पडद्यांची डबी उघडली, वरची निळी चकती टाकून दिली आणि खालची पांढरी चिमट्याने उचलली.

“अगं, पडदाच काय टाकतेस? पांढरा तो नुसता मधे घातलेला कागद.”

तिने डबीचं झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यावर नेमकं उलटं छापलं होतं: पांढरा तो पडदा, निळा तो मधला कागद.

सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग गुडघा दाबत उठले आणि नापास मलमांच्या कपाटाकडे लंगडत गेले.

“यातलं त्यातल्या त्यात ताजं कोणतं, बघ गं जरा.”