आकड्याचे बारदान

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. सकाळचे सव्वानऊ. बोरी बुद्रुकला कालव्याच्या चारीवर चालत चालत श्रेयाने टेप गुंडाळली आणि वहीत लिहिले : १,८३० मीटर. चारी तीन हजार मीटरची. म्हणजे एकसष्ट टक्के काँक्रीट अस्तरीकरण पूर्ण.

"एक्क्याऐंशी लिही," साइटप्रमुख सुनीलराव म्हणाले.

"सर, मी दोनदा मोजलंय."

"आगं, मोजलं आसशील. पन जरा पुढं दिसलो की वरून कुनी फोन करत न्हाई. आजवर वीस चढवूनच पाठवलंय. काय बिघडलं?"

श्रेया कंपनीत शेड्युलर होती. नोकरीला तीन आठवडे झाले होते. झालेले काम मोजायचे, ते तारखांशी ताडून पाहायचे आणि पत्रक भरायचे. ते पाहून पुढे काय करायचे, हे आळेफाट्याच्या ऑफिसातल्या प्लॅनर चेतना मॅडम ठरवीत. त्यांच्याकडे पाच साइट होत्या. त्यामुळे त्यांचे इथे येणे क्वचितच घडे. मात्र पत्रक थेट त्यांच्याकडे जात नसे. ज्यांच्या कामाचे मोजमाप त्यात असे, त्या सुनीलरावांच्याच हातून ते जाई.

काम खरे तर अगदी वेळेवर होते. दोन मिक्सर, दोन टोळ्या, रोजचे एकशेतीस मीटर. उरलेले काम नऊ दिवसांत, म्हणजे अकरा तारखेला संपत होते. अठराला धरणाचे आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटणार होते; त्याआधी काँक्रीट पक्के व्हायला सात दिवस हवेत, म्हणून अकरा हीच शेवटची तारीख. चारीच्या टेलला, अगदी शेवटी, हौशीरामांचा तीन एकर कांदा उभा होता. चारी कच्ची असताना पाणी वाटेतच जिरून जाई, आणि यंदा त्यांच्या विहिरीने जानेवारीतच तळ गाठला होता. हौशीरामांच्या पत्नी धोंडाबाई रोज टोळीला चहा आणून देत आणि रोज एकच विचारीत, "ताई, पोचंल ना पानी?"

"सर, एक्क्याऐंशी लिहायचं असेल तर सही तुम्ही करा," श्रेया म्हणाली. "मी करणार नाही."

सुनीलरावांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग हात झटकला. "बरं बाई, एकसष्ट तर एकसष्ट. मॅडम झापतील तवा तू ऐक."

मंगळवारी सकाळी अकराला मॅडमचा आदेश आला. शेवटचे अकराशे मीटर अकरा तारखेपर्यंत होणार नाहीत, ते या खेपेला वगळावेत. एक मिक्सर आणि त्याची टोळी तातडीने मंचरजवळच्या साइटवर पाठवावी.

"घे! लिही अजून खरं!" सुनीलराव म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरला होता. बारा वाजता मिक्सर ट्रॅक्टरमागे जोडला गेला आणि निघून गेला. श्रेयाने संध्याकाळपर्यंत त्यांना मॅडमशी बोलण्याची विनवणी केली. ते बोलले नाहीत.

बुधवारी ती कुणालाही न विचारता आळेफाट्याला गेली. ऑफिस एका गॅरेजच्या माडीवर होते. चेतना मॅडमनी तिचे म्हणणे ऐकले, वही पाहिली, टेपच्या खुणांचे फोटो पाहिले आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे वळल्या. बोरीच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले होते : ४१.

"एकसष्ट पाठवलं होतं, मॅडम."

"तेच आलं. माझ्या वडिलांचं इथं भुसार दुकान आहे, श्रेया. पोतं काट्यावर ठेवलं की आधी बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं, हे मी लहानपणापासून बघतेय. सुनीलरावांच्या आकड्याचं बारदान वीस. दीड वर्ष वजा करतेय. एकदाही चुकलं नाही."

खाली कुणीतरी ट्रकचे इंजिन चालू करून पाहत होते.  दीड वर्ष एक जण वीस चढवीत होता, दुसरी वीस उतरवीत होती, आणि कामे वेळेवर होत होती. त्या वाटेने पहिल्यांदाच खरा आकडा गेला होता. पोचेपर्यंत तो खोटा झाला.

"मग मी एक्क्याऐंशीच लिहायला हवं होतं का?"

"नाही. तू पत्रक मला पाठवायला हवं होतंस."

"मला तशी परवानगी नव्हती."

"ती देणं माझं काम होतं," चेतना मॅडम हळू म्हणाल्या. "मी ते केलं नाही. वजाबाकी करत बसले."

त्यांनी तिथूनच मंचरला फोन लावला. तिकडे मिक्सर कामाला जुंपला गेला होता. तो परत बोरीत आला गुरुवारी दुपारी बाराला. एका मिक्सरचे दोन दिवस बुडाले होते. त्याच दुपारी श्रेया टेलला गेली. जे घडले, ते तिने बांधावर उभे राहून सांगितले, काही न लपवता.

"म्हंजे खोटं गेलं आसतं, तर आमचं समदं रान भिजलं आसतं?" हौशीरामांनी विचारले.

"हो, दादा. आता अकरापर्यंत शेवटचे एकशेतीस मीटर होणार नाहीत, ते कच्चेच राहतील."

"लई महाग पडलं की तुमचं खरं!"

धोंडाबाईंनी चहाची किटली खाली ठेवली. "आवो, तिला काय बोलता? तिनं मोजलं तेच लिवलं." मग त्या श्रेयाकडे वळल्या. "पन ताई, ह्याच्या म्होरं तुमच्या आकड्याला कुनी हात लावनार न्हाई ना?"

"नाही, मावशी. आजपासून पत्रक मीच थेट पाठवते."

 हौशीरामांनी खोरे उचलले आणि कच्च्या चारीतला गाळ ते स्वतःच उपसू लागले.

अठरा तारखेला पाणी सुटले. तीन एकरांपैकी दोन एकर भिजले.