इंजिन कशानं तापलं

काटा पुन्हा लाल रेषेला टेकला, तशी हावगेप्पानं पिकअप चढावरच कडेला घेऊन बंद केली. मागं वजनासाठी भरलेल्या वाळूच्या वीस गोण्या होत्या. त्यानं चाकाला दगड लावला आणि रस्त्याकडेला बसला. बॉनेटमधून वाफ येत होती. ती विरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, आणि वाटतही काही नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी कडगंचीच्या वाटेवर हाच काटा असाच चढला होता. त्याचा मुलगा शरणबसव बॉनेट उघडायला खाली उतरला, आणि मागून आलेल्या लॉरीनं त्याला उडवलं. पिकअपला ओरखडाही नाही. शेजारच्या सीटवर हावगेप्पाची बायको, पोराची आई चन्नव्वा बसली होती, माहेरी निघालेली. तिलाही काही झालं नाही.

त्यांच्यात, लिंगायतांत, सुतक पाळत नाहीत. बसवण्णांनी ते मोडलं हे फार बरं केलं, असं हावगेप्पाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. घरात बसून त्यानं केलं काय असतं? पाचव्या दिवशी त्यानं मंठाळातलं आपलं गॅरेज उघडलं आणि मुलाची पिकअप आत घेतली.

मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन शरणबसवनं या पिकअपमध्ये बसवलं होतं. "म्हशीचं काळीज शेळीत घातल्यावर दुसरं काय व्हनार?" शेजारचा टायरवाला व्यंकट म्हणाला होता. गाव तेच म्हणत होतं. आणि गावाच्या आधी हावगेप्पाच म्हणाला होता. मातीच्या दिवशी, खड्ड्याजवळ उभं राहून, चार माणसांत. "माझं ऐकलं न्हाई. इंजिन तापनार म्हनून सांगितलतं." चन्नव्वा तिथंच होती. तिनं मान वर केली नव्हती.

मात्र गॅरेज उघडल्यापासून ती रोज संध्याकाळी एकच विचारायची, "कळलं का, कशानं तापलं?"

"आजून न्हाई."

मग ती आत जायची. दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच.

खरं सांगायचं तर हावगेप्पाला मुलाची चूक सापडायला हवी होती. सापडली की आपलं बोलणं खरं ठरेल आणि छातीवरचं ओझं थोडं उतरेल, अशी त्याची वेडी आशा. पण चूक सापडेना. मोठं रेडिएटर शरणबसवनं बापाच्याच अडगळीतून मागून घेतलं होतं; हावगेप्पानं त्यात पाणी सोडून पाहिलं, खळखळून वाहिलं. बॅटरी मागं सरकवून पुढं जागा केली होती. फॅनभोवती पत्र्याचं कडं इतकं नेमकं बसवलं होतं की हावगेप्पाला स्वतःला जमलं नसतं. तरी चढावर काटा लालच.

गाडी निवल्यावर त्यानं ती गॅरेजला आणली. आता रेडिएटर उतरवूनच बघायचं म्हणून त्यानं समोरची जाळी झाकणाऱ्या रुंद पितळी पाटीला पहिल्यांदाच हात घातला. गुरू बसवण्णांचं नाव कोरलेली ती पाटी चन्नव्वानं मठातून आणली होती. गाडीचं तोंड तिच्याशिवाय उघडं दिसतं, असं तिचं म्हणणं. हावगेप्पानं पाना लावला, आणि पाटी आपोआप वर उचलली गेली.

वरच्या कडेला आतून दोन बारीक बिजागऱ्या होत्या. दिसू नयेत म्हणून काळा रंग दिलेला. खाली एक खटका. त्यात तेलही होतं.

पाटी हातात तशीच धरून तो बराच वेळ उभा राहिला. गावात पाटी खाली. गाव सुटलं की वर, म्हणजे रेडिएटरला वारा मोकळा. पोरानं आईचं मन मोडलं नव्हतं, आणि इंजिनही जपलं होतं. त्या दिवशी मात्र आई शेजारीच बसली होती.

त्यानं पाटी वर बांधून गोण्यांसकट पिकअप चढावर नेली. काटा मधोमध आला आणि तिथंच थांबला. पाटी खाली करून नेली. लाल. खात्री करायला त्यानं पुन्हा दोन्ही करून पाहिलं. मग पाटी होती तशी लावून टाकली. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही.

संध्याकाळी चन्नव्वा दारात आली.

"कळलं का?"

"व्हय." हावगेप्पा हात पुसत राहिला. खरं सांगितलं तर मुलगा सुटत होता आणि ही बाई जन्माची अडकत होती. मुलावर टाकायचं तर एकदा टाकून झालंच होतं. "रेडिएटर आतून चोंदलं हुतं. माझ्या अडगळीतलं. त्यानं इचारलतं, मी बघितलं न्हाई, चांगलं हाय म्हनून दिलं. चूक माझी हाय, चन्नव्वा. पोराचं काम चोख हुतं."

ती आत गेली नाही, तिथंच उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "बिजागरी त्यानं मला दाखवली हुती."

हावगेप्पाचे हात थांबले.

"गाव सुटल्यावर म्हनला, अव्वा, पाटी वर करू का? मीच नको म्हनले. आज मी संगं हाय, आज ऱ्हाऊ दे म्हनले." तिचा आवाज कोरडाच होता. "कशानं तापलं ते मला पयल्या दिवसापासून ठाव हाय. रोज इचारायले ते, तुमी पुन्यांदा त्याचंच नाव घेताव का, तेवढं बघायला."