पायाखालचा कागद

टेबल डुगडुगत होतं. मामांनी दोन्ही तळवे फळीवर ठेवले, डोळे मिटले आणि नाडी बघावी तसं ते जरासं हलवून पाहिलं.

"डावा, मागचा. सूतभर तोकडा आहे."

चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाचं निदान होतं ते. भाच्यानं लगबगीनं कागदी रुमालाची घडी केली आणि खाली वाकला.

"हं! ठेव ती वर," मामा म्हणाले. "पायाखाली कागद सारायचा म्हणजे टेबलाशी खोटं बोलायचं. पाय नवा बसवावा. हॉटेल आपलं आहे म्हणून सांगतो. परक्याचं असतं तर गप्प बसलो असतो."

'आपलं' म्हणायचा त्यांना हक्क होता. ज्या कंपनीची ही हॉटेलं, तिचे दोनशे शेअर त्यांच्या नावावर होते. लाभांश जमा झाला की मामा-भाचे इथं जेवायला यायचे, आणि भागधारकाचं पितळी रंगाचं कार्ड दाखवलं की बिलात सवलत मिळायची. दर वेळी मामाच कार्ड काढायचे. सवलतीपेक्षा त्यांना ते खिशातून काढण्याचंच सुख मोठं.

"टेबलाचं सोडा, मामा. सही तेवढी करा." भाच्यानं पाच पानी फॉर्म पुढं सरकवला आणि पेन्सिलीच्या फुलीवर बोट ठेवलं. "साबणवाले तुम्हाला शंभराला तीन देतात. हे सात देतात. साबणाचे सगळे शेअर विकायचे, सगळा पैसा इकडं आणायचा. मामीच्या बाईंचा पगार भागून वर औषधंही निघतील."

मामी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांना कूस बदलून द्यायच्या, न्हाऊ-माखू घालायच्या. त्या बाईंचा पगार साबणाच्या लाभांशातून जायचा. आजवर एकदाही चुकला नव्हता.

"साबणानं कधी दगा दिला नाही रे," मामा म्हणाले. "मंदी येवो, महागाई येवो, माणूस अंघोळ करतोच. बाहेरच्या जेवणाचं तसं नाही. खिसा हलका झाला की पहिली काट तिथंच. बघ की, दुपारचा एक वाजलाय. अठरा टेबलं आणि माणसं चार. त्यांत दोन आपण."

"चालायचंच. लाट येते, लाट जाते. आणि माझेही शेअर आहेत की यात! बुडालं तर तुमच्याआधी मी बुडेन. मी तुम्हाला खड्ड्यात घालेन का?"

मामा विरघळले. "तसं नव्हे रे बाळा. तू सांगतोस म्हणजे देवानंच सांगितलं म्हणायचं."

भाच्याचा फोन वाजला. तो ज्या बँकेत कामाला होता, तिथल्या साहेबांचा. तो अर्धवट वळून बसला. "हो साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "सही होतेच आहे. आजच्या टार्गेटमध्ये धरून चाला."

मामांनी चष्मा चढवला, पेनाचं टोक फुलीवर टेकवलं. टेबल कललं. टोक घसरलं आणि कागदावर नुसतीच रेघ उमटली.

"राहू दे. म्हातारपणाची सही, त्यात असं टेबल. बँक परत धाडायची. आधी बिल उरकू, मग बाहेर काउंटरवर उभ्यानं करतो."

बिलाचं यंत्र घेऊन मुलगी आली. मामांचा हात खिशाकडं जातोय तोच भाच्यानं आपलं भागधारकाचं पितळी कार्ड ऐटीत पुढं केलं. "आज मी. तुम्ही नेहमीच देता."

यंत्र कुरकुरलं. मुलीनं कार्ड पुसून पुन्हा लावलं.

"सर, हे कार्ड बंद आहे."

"चिप गेली असेल. पुन्हा बघा."

"चिप ठीक आहे, सर. शेअर विकले की कार्ड आपोआप बंद होतं." तिनं पडद्यावरचं वाचलं. "तुमचे गेल्या नोव्हेंबरातच सगळे विकले गेलेत." सूप संपलंय म्हणून सांगावं, इतक्या अदबीनं ती बोलली.

भाच्यानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. कार्ड असं चुगली करेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"सगळे?" मामांनी विचारलं.

"मामा, तेव्हा मला घराचा हप्ता..."

"हप्त्याचं कळलं. विकलेस, तेही कळलं. मला घ्यायला का सांगतोस, तेवढं सांग."

भाच्यानं टेबलावरचा फोन हळूच पालथा घातला.

मुलगी घुटमळत उभी होती. मामांनी आपलं कार्ड तिच्या हाती दिलं. हिरवा दिवा लागला. "धन्यवाद, मालक," ती म्हणाली. कार्डवाल्या सगळ्यांनाच तसं म्हणायची इथं शिस्त होती. मामांनी मान डोलावली आणि ती जाईपर्यंत थांबले.

मग त्यांनी आपल्या पंजाकडं पाहिलं. जुन्या व्रणांनी भरलेला पंजा. "करवतीनं कापलंय," ते म्हणाले, "पटाशीनं कापलंय. केसानं आजच."

"मामा, ऐकून तर घ्या. तो फॉर्म..."

मामांनी फॉर्म उचलला. एकदा दुमडला, दोनदा, तीनदा. घडी चिमटीत धरून जाडी पाहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले आणि ती डाव्या, मागच्या पायाखाली सारली.

उठताना त्यांचा तोल गेला. भाच्यानं झटकन हात पुढं केला. मामांनी टेबलाची कड धरली, सगळा भार तिच्यावर टाकला आणि उभे राहिले. टेबल तसूभरही हललं नाही.