जुन्या बासवरचे ठसे

भावाला दुसऱ्या दिवशी एका बँडसमोर वाजवून दाखवायचं होतं आणि त्याची बास गिटार मोडली होती. नवीन परवडेना, म्हणून आम्ही जुनी बघायला गेलो.

दुकानातल्या एका बासची नेक, म्हणजे लांब दांडी, सरळ होती, तारा ठीक होत्या. फक्त बोटं फिरतात त्या फ्रेटबोर्डवर घामाचा पिवळट, ओशट थर होता. मी स्पिरिटने पुसला, तर पुन्हा ओलावा आला. शिळ्या घामाच्या वासाने मी तोंड फिरवलं.

"कपाटात बंद होती. कुणाचा हातही लागलेला नाही," दुकानदार म्हणाले.

"ताई, नाक मुरडू नकोस, आवाज ऐक," म्हणत भाऊ वाजवू लागला.

आवाज खरंच भरदार होता. पण त्याचं बोट ज्या जागेवर जाणार, तिथे आधीच एक ओला ठसा उमटत होता. मी त्याला मनाला येईल ते वाजवायला सांगितलं. तरीही ठसा आधी, बोट नंतर.

"थांब," मी म्हणाले. तो थांबला. ठसे मात्र नेकवरून सरकत त्याच्या मनगटाकडे गेले आणि कातडीत पाच खळगे पडले.

"ताई, सोड ना," तो वैतागला. "किती चिकट हात आहे तुझा."

दुकानदार आणि मी, दोघंही त्याच्यापासून चार हात लांब उभे होतो.